गॅरेजचं जॉब कार्ड मोबाइलवर आणायचं तर

गॅरेजवाल्याने कागद बंद करायचं मनावर घेतलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठलं ॲप घेऊ? हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवतो. ॲप चुकीचं निघालं तर बदलता येतं. पण गाडी आत येण्यापासून चावी परत देईपर्यंत कोण काय लिहितो आणि ते कोण वाचतो, हेच ठरलेलं नसेल तर कागदावरचा गोंधळ तसाच स्क्रीनवर जातो आणि वर महिन्याचे पैसेही जातात.

हा लेख चार ते दहा माणसांच्या मल्टिब्रँड, म्हणजे सगळ्या कंपन्यांच्या गाड्या घेणाऱ्या, गॅरेजसाठी आहे. मालक स्वतः गाड्या घेतो, दोन-तीन मिस्त्री, एक-दोन हेल्पर, डेंटिंग-पेंटिंग आत किंवा बाहेर, आणि हिशेब संध्याकाळी. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला सॉफ्टवेअर कंपनीच लावून देते, त्यामुळे तिथल्यांना यातलं फार थोडं लागू पडेल.

आधी कागद टेबलावर मांडा

नुकत्याच डिलिव्हरी झालेल्या दोन गाड्या निवडा. एक साधी सर्व्हिसिंगची, एक इन्शुरन्स क्लेमची. त्या गाड्यांसाठी लिहिला गेलेला एकूण एक कागद गोळा करा: जॉब कार्ड (गाडी घेताना तक्रार आणि काम लिहायचा कागद), पार्टवाल्याला दिलेली चिठ्ठी, एस्टिमेट, पार्ट्सचं बिल, लेथवाल्याचं किंवा रेडिएटरवाल्याचं चलन, गेट पास, पक्कं बिल, उधारीच्या वहीतली ओळ. भिंतीवरच्या बोर्डावर काही लिहिलं होतं का, मालकाच्या मोबाइलवर काय आलं होतं, तेही धरा.

आता लाल पेन घ्या आणि प्रत्येक रकान्यापाशी दोन नावं लिहा. लिहिणारा कोण, वाचणारा कोण. वाचणाऱ्याचं नाव सुचत नसेल तर तो रकाना खोडा. छापखान्यातून दहा वर्षांपूर्वी करून आणलेल्या जॉब कार्डावर ‘ॲश ट्रे’, ‘सिगारेट लायटर’, ‘कॅसेट प्लेअर’ अजून असतात आणि कोणीतरी इमानेइतबारे त्यावर टिक करत असतो. गाडीचा नंबर मात्र जॉब कार्ड, चिठ्ठी, एस्टिमेट, बिल आणि गेट पास अशा पाच कागदांवर पाच वेळा लिहिला जातो, आणि त्यातल्या एखाद्यावर चुकतो. डिजिटल करण्याचा पहिला फायदा इथेच आहे: नंबर एकदाच लिहायचा.

खोडाखोडीनंतर जे उरेल त्याचाच फॉर्म करायचा. वीस रकान्यांच्या वर गेलात तर सकाळच्या गर्दीत तो भरला जाणार नाही, हे धरूनच चाला.

कागद गुपचूप काय करत होता ते बघा

जॉब कार्ड डॅशबोर्डवर किंवा वायपरखाली अडकवलेलं असतं. मिस्त्री लांबून बघतो आणि ही गाडी कोणती, काम काय, हे त्याला कळतं. त्याला पासवर्ड लागत नाही, चार्जिंग लागत नाही, ऑइलचा हात लागला तरी चालतं. ही सोय मोबाइलमध्ये आपोआप येत नाही. त्यामुळे कार्ड काढून घेतलं की पहिल्याच दिवशी ‘या गाडीचं काय करायचंय?’ अशी हाक ऑफिसपर्यंत दर दहा मिनिटांनी यायला लागते.

यावर माझा उपाय साधा आहे. आरशाला अडकवायचा एक जाड पुठ्ठ्याचा टॅग ठेवा. त्यावर मार्करने जॉब नंबर, कामाचे दोन-तीन शब्द आणि द्यायची वेळ. संपूर्ण कागदमुक्त गॅरेज हे जाहिरातीत शोभतं, शेडमध्ये हा एक टॅग राहू द्या. पुढे हात बसला की त्यावर क्यूआर कोड छापून घेता येईल, म्हणजे मिस्त्रीने स्कॅन केलं की त्या गाडीचं पान उघडेल.

नंबर लिहायची एकच पद्धत

हे काम दहा मिनिटांचं आहे, पण सगळी इमारत यावर उभी राहते. एकाने एमएच नंतर जागा सोडली, दुसऱ्याने रेघ टाकली, तिसऱ्याने ०४५६ ऐवजी नुसतं ४५६ लिहिलं, की एकाच गाडीच्या तीन गाड्या होतात आणि जुना इतिहास सापडत नाही. नियम करा: इंग्रजी मोठी अक्षरं, मध्ये जागा नाही, रेघ नाही, शेवटचे चार आकडे शून्यासकट. तपासणीचं सूत्र लावणार असाल तर ते ‘एमएच’ने सुरू झालंच पाहिजे असं लावू नका. २०२१ पासून बीएच (भारत) मालिकेच्या गाड्या आल्या आहेत, त्यांच्या नंबरात आधी वर्षाचे दोन आकडे येतात. कर्नाटक आणि गोव्याच्या गाड्या तर कोल्हापूर-सावंतवाडीकडे रोजच्याच.

गाडीची ओळख गाडीच्या नंबराने, मालकाची ओळख मोबाइल नंबराने, आणि दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत. गाडी विकली जाते, मालक बदलतो, इतिहास गाडीबरोबर राहायला हवा.

शासी नंबर हाताने टाइप करायच्या भानगडीत पडू नका, तो कोरलेल्या प्लेटचा फोटो घ्या. टाइप करावाच लागला तर एक गोष्ट कामाला येते: १७ अक्षरांच्या शासी नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत. गोल दिसतंय ते शून्य, उभी रेघ म्हणजे एक. पार्टवाल्याला बरोबर पार्ट काढायला हाच नंबर लागतो.

गाडी घेतानाचा फॉर्म

सुरुवातीला गूगल फॉर्म आणि त्याला जोडलेली शीट पुरते. खर्च शून्य, आणि आपल्याला नेमकं काय हवंय ते महिनाभरात कळतं. त्याच्या मर्यादा आधी सांगतो. फॉर्ममध्ये फोटो टाकायची सोय ठेवली की भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉग-इन व्हावं लागतं, म्हणजे तो आपल्या माणसांनी भरायचा, गिऱ्हाइकाला लिंक पाठवायची नाही. नेट नसेल तर फॉर्म जात नाही. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा तळघरात रेंज जात असेल तर गूगलचंच ॲपशीट बघा, त्यात नोंद फोनमध्ये थांबते आणि रेंज आली की चढते.

आणखी एक, फोटोंची जागा. मोफत गूगल खात्यात १५ जीबी मिळतात, त्यातच मेल आणि बाकीचं सगळं. एका गाडीचे आठ फोटो, प्रत्येकी तीन एमबी, म्हणजे २४ एमबी. दिवसाला दहा गाड्या धरल्या तर दोन महिन्यांच्या आसपास खातं भरतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन फोटोचा आकार लहान करा, ओरखडा दिसायला दोन-तीन मेगापिक्सेल खूप झाले. आणि खातं गॅरेजच्या नावाचं काढा. भाच्याच्या वैयक्तिक ईमेलवर सगळं उभं राहिलं आणि भाचा नोकरीला बंगळुरूला गेला, की पासवर्डसाठी फोनाफोनी सुरू होते.

फॉर्ममध्ये एवढं असावं: गाडीचा नंबर, मोबाइल नंबर, किलोमीटर, तक्रार, आतल्या वस्तू, फोटो, अंदाजे द्यायची वेळ. यातल्या दोन गोष्टींवर जरा थांबतो.

फोटो कसे घ्यायचे याची शिस्त हेल्परलाही जमते. चारही कोपऱ्यांतून एकेक फोटो, त्यातल्या निदान दोनांत नंबर प्लेट दिसली पाहिजे. डिकी उघडून एक, म्हणजे स्टेपनी, जॅक आणि पाना आला. जुना ठोका किंवा ओरखडा असेल तिथे जवळून एक. आणि मीटरचा एक, पण इंजिन चालू करून. नुसती चावी फिरवून काढलात तर चेक इंजिन, एअरबॅग, बॅटरी असे सगळे दिवे पेटलेले दिसतात, कारण गाडी त्या वेळी दिव्यांचीच तपासणी करत असते. इंजिन सुरू झाल्यावर जो दिवा विझत नाही तो खरा. या एका फोटोत किलोमीटर, पेट्रोलचा काटा आणि गाडी येतानाच पेटलेले दिवे, तिन्हींची नोंद होते. ‘तुमच्याकडे दिल्यापासून हा दिवा लागलाय’ हे वाक्य ज्याने ऐकलंय त्याला या फोटोची किंमत वेगळी सांगायला नको.

दुसरी गोष्ट तक्रारीचा रकाना. तिथे गिऱ्हाइकाचेच शब्द लिहा. ‘घाटात चढाला ओढत नाही, आवाज वाढतो पण वेग वाढत नाही’ असं तो म्हणाला तर तसंच. आपण ऐकता ऐकता ‘क्लच प्लेट’ लिहून टाकतो आणि मिस्त्री मग दुसरं काही तपासतच नाही. निदान लिहायला वेगळा रकाना ठेवा, तो मिस्त्रीचा. टायपिंगचा कंटाळा असेल तर फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोला. गाड्यांच्या पार्टची नावं तो कधीकधी भलतीच लिहितो, पण तक्रार वाचण्यासारखी उतरते.

गाडीचा टप्पा

शीटमध्ये एका गाडीच्या एका भेटीची एक ओळ. त्या ओळीत ‘टप्पा’ नावाचा रकाना, आणि त्यात निवडायचे ठरावीक शब्द: आली, तपासली, होकाराची वाट, पार्टची वाट, काम चालू, ट्रायल, बिल झालं, गेली. यापेक्षा जास्त नकोत. शब्द तुमच्या शेडमध्ये बोलतात तेच ठेवा, मिस्त्री हिंदी बोलणारा असेल तर त्याला समजतील असे.

टप्पा बदलायची जबाबदारी कोणाची, हे नावानिशी ठरवा. ‘ज्याला वेळ मिळेल तो’ म्हणजे कोणीच नाही. ‘काम चालू’ मिस्त्री करतो, ‘ट्रायल’ ट्रायल मारणारा करतो, बाकीचं ऑफिस. मिस्त्रीसाठी प्रत्येक बेजवळ (गाडी उभी करून काम करायच्या जागेपाशी) एक जुना फोन पातळ पारदर्शक पिशवीत घालून अडकवा. प्लॅस्टिकवरून टच चालतो आणि पिशवी पुसता येते.

होकार: सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या

गॅरेजमधली भांडणं बहुतेक बिलाच्या वेळी होतात, पण त्यांचं मूळ दुपारी झालेल्या फोनमध्ये असतं. गाडी खोलली, काम वाढलं, फोन केला, ‘बघा तुम्ही, करून टाका’ असं उत्तर आलं. संध्याकाळी आकडा बघून तोच माणूस म्हणतो, मी एवढ्याला हो म्हटलंच नव्हतं. कागदी जॉब कार्डावरची सही सकाळची असते, वाढलेल्या कामाची सही कुठेच नसते. एकच गोष्ट डिजिटल करायची ऐपत किंवा उत्साह असेल तर हीच करा.

गॅरेजच्या वेगळ्या नंबरावर व्हॉट्सॲप बिझनेस घ्या. काम वाढलं की फोटो आणि असा एकच मेसेज:

‘जॉब ४१२. पुढच्या डाव्या लोअर आर्मचा बुश फाटलाय, फोटो वर आहे. पार्ट १,१०० + लेबर ५००, जीएसटीसकट १,८८८ रु. हे केलं तर गाडी उद्या दुपारी ४ वाजता मिळेल. करायचं असेल तर हो, नको असेल तर नको असं लिहा.’

एका मेसेजमध्ये एक काम. तीन कामं एकत्र पाठवली आणि ‘ओके’ आलं तर ते कशाला ओके, यावरून पुन्हा वाद. गिऱ्हाईक लिहायचा कंटाळा करतो, फोनवरच बोलतो, तर फोन ठेवल्या ठेवल्या ‘आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून तोच मजकूर पाठवा. उत्तर आलं की शीटमध्ये होकाराची वेळ टाका. त्या चॅटमध्ये मेसेज आपोआप नाहीसे व्हायची सेटिंग चालू नाही ना, तेही बघून घ्या.

‘नको’ तर त्याहून कामाचं. ब्रेक लायनर झिजलेत असं सांगितलं, गिऱ्हाईक म्हणाला पुढच्या वेळी बघू. तो नकार तारखेनिशी शीटमध्ये असू द्या आणि बिलावरही एक ओळ छापा. उद्या काही झालं तर तुमच्याकडे नोंद आहे. शिवाय दर महिन्याला ‘नको’ची यादी काढून फोन केले की काम घरबसल्या मिळतं, त्यासाठी जाहिरात करावी लागत नाही.

अशा नोंदीला कायद्यात काही अर्थ आहे का, असं विचारणारे भेटतात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० इलेक्ट्रॉनिक नोंदीला मान्यता देतो, आणि इलेक्ट्रॉनिक मार्गाने ठरलेला करार केवळ त्या कारणाने रद्दबातल ठरत नाही असं त्याचं कलम १०अ सांगतं. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून नुसता स्क्रीनशॉट काढून मूळ चॅट उडवू नका.

पार्ट्सची नोंद दुसऱ्या महिन्यात

पहिल्याच महिन्यात पार्ट्सचा साठा, फिल्टर किती शिल्लक, ऑइल किती लिटर, हे सगळं चढवायला बसू नका. त्यात उत्साह संपतो. आधी फक्त एक दुसरी शीट काढा: जॉब नंबर, पार्ट, कोणाकडून, किंमत, आणि पुढे तीनच पर्याय, ‘लावला’, ‘परत केला’, ‘पडून आहे’. आणलेला पार्ट लागला नाही, परतही गेला नाही आणि बिलातही आला नाही, ही गळती बहुतेक गॅरेजांत असते आणि चिठ्ठ्यांमध्ये ती दिसत नाही. लेथवाला, एसीवाला, वायरिंगवाला अशी बाहेरची कामंही याच शीटमध्ये.

बिल

बिलाचं सॉफ्टवेअर स्वतः बनवू नका. टॅली असेल तर टॅली, नाहीतर तुमचा सीए सांगेल ते. जॉब नंबर आणि बिल नंबर वेगळे ठेवा: काही जॉब रद्द होतात, पण बिलांची मालिका सलग आणि १६ अक्षरांच्या आत असावी लागते. बिलावर जॉब नंबराचा उल्लेख करा म्हणजे झालं.

जुनी आयटम यादी जशीच्या तशी उचलणार असाल तर दर तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधीच्या यादीत कितीतरी पार्ट २८ टक्क्यांवर असतील. लेबरवर १८ टक्के आहेच. ट्रॅक्टरचं काम करत असाल तर त्याचे दर सीएकडून वेगळे मागून घ्या.

नोंदी किती वर्षं ठेवायच्या? जीएसटी कायद्याप्रमाणे त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपासून ७२ महिने. इलेक्ट्रॉनिक ठेवल्या तर बॅकअपही तुमच्याकडेच हवा. महिन्याच्या एक तारखेला सगळ्या शीट एक्सेलमध्ये उतरवून पेनड्राइव्हवर घ्या, आणि तो पेनड्राइव्ह गॅरेजच्या ड्रॉवरमध्ये न ठेवता घरी न्या.

सुरुवात कधी आणि कशी

दसऱ्याच्या तोंडावर किंवा पावसाळ्याआधीच्या वायपर-ब्रेकच्या गर्दीत अजिबात नको. मोकळा आठवडा बघा. पहिल्यांदा फक्त साध्या सर्व्हिसिंगच्या गाड्या नव्या पद्धतीने घ्या, ॲक्सिडेंटच्या आणि इंजिन खोललेल्या गाड्या जुन्या कार्डावरच राहू द्या. प्रत्येक गाडी दोन्हीकडे लिहायला लावलीत तर माणसं कंटाळतील, आणि गर्दीच्या दिवशी कोणतं सुटेल ते सांगायला नको. कागद हाताशी असतो, तोच जिंकतो. पंधरा दिवसांनी सर्व्हिसिंगची छापील पॅडं कपाटात कुलूपबंद करा.

मिस्त्री लोक कुरकुर करतील. ‘आम्हाला मोबाइल जमत नाही’ असं म्हणणारा मिस्त्री जेवणाच्या सुट्टीत रील बघत असतो, तेव्हा अडचण मोबाइलची नसते. कामाला किती वेळ लागला हे मालक मोजणार, ही त्याची धास्ती असते. वेळ मोजणार असाल तर कशासाठी ते तोंडावर सांगा. मोजणार नसाल तर तो रकाना ठेवूच नका. आणि ‘गाडी झाली का?’ म्हणून विचारायला त्याच्याकडे जायचं खरंच बंद करा, शीट बघा. त्याला फायदा दिसतो तो इथे.

इन्शुरन्सच्या गाड्यांचा कागद पूर्ण सुटणार नाही. क्लेम फॉर्म, सर्व्हेअरच्या गरजा, काम समाधानकारक झाल्याची सही, हे ती कंपनी सांगेल तसं. आपल्या हातात इतकंच की गाडी खोलण्याआधीचे फोटो जॉब नंबराखाली सापडावेत. गिऱ्हाइकाच्या आधारचा फोटो ‘असू दे’ म्हणून काढून ठेवायची सवय मात्र सोडा. नुसत्या सर्व्हिसिंगला त्याचं काही काम नाही आणि लोकांची अशी कागदपत्रं सांभाळणं ही जोखीम आहे. आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) बघायची तर गिऱ्हाईक डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपवर दाखवू शकतो.

आणि आता ॲप

दोन-तीन महिने शीट चालली, टप्पे नीट बदलले जाताहेत, होकार नोंदले जाताहेत, आणि आता शीट अपुरी पडते असं वाटलं तर पैसे देऊन सॉफ्टवेअर बघा. विकणारा आला की त्याला डेमो त्याच्या मनाने करू देऊ नका. तुमच्याच एका किचकट गाडीचे कागद समोर ठेवा आणि म्हणा, ही गाडी आत घे, काम दोनदा वाढव, एक पार्ट परत कर, आणि बिल काढून दाखव. मग विचारा: सगळ्या नोंदी फोटोंसकट मला एक्सेलमध्ये आणि फोल्डरमध्ये उतरवून घेता येतील का? पैसे भरणं बंद केलं तर जुनं दिसेल का? नेट गेलं तर काय? फोन उचलणारा माणूस मराठी किंवा हिंदी बोलतो का, आणि शनिवारी उचलतो का? जुन्या शीटमधल्या गाड्या तो चढवून देणार की तुम्ही बसून टाइप करायच्या?

पहिल्या प्रश्नाला ‘हो’ नसेल तर पुढचे विचारत बसू नका. ‘हो’ म्हणाला तरी एका गाडीचं सगळं तुमच्यासमोर उतरवून दाखवायला लावा आणि मगच वर्षाचे पैसे भरा.